विश्लेषण : फायरवॉलच्या आधी पॅकेट कोण वाचते? कोरियातील सिमकार्ड डेटाचोरी, ‘पॅकेट कॅप्चर’ आणि ‘व्हीलॅन टॅग’चा संबंध काय?

दक्षिण कोरियातील सर्वांत मोठी मोबाइल कंपनी असलेल्या ‘एसके टेलिकॉम’मधील डेटाचोरी एप्रिल २०२५ मध्ये उघडकीस आली. त्यानंतर सुमारे २ कोटी ३० लाख ग्राहकांना सिमकार्ड मोफत बदलून देण्याची घोषणा कंपनीला करावी लागली आणि दुकानांसमोर रांगा लागल्या. चौकशीत ‘बीपीएफडोअर’ या मालवेअरचे नाव पुढे आले. त्याच्या नावातील ‘बीपीएफ’ ही कोणतीही त्रुटी नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ३० वर्षांहून अधिक काळ असलेली ती एक वैध आणि रोजच्या वापरातील सोय आहे. ही सोय काय आहे, तिचा गैरवापर कसा होतो आणि नेटवर्कवरील ‘व्हीलॅन टॅग’ या छोट्याशा खुणेमुळे तपास करणाऱ्यांची दिशाभूल कशी होऊ शकते, याविषयी...

कोरियात नेमके काय घडले?

कंपनीच्या यंत्रणेतून मोठ्या प्रमाणावर डेटा बाहेर जात असल्याचे १८ एप्रिल २०२५ रोजी लक्षात आले. सरकार आणि खासगी तज्ज्ञांच्या संयुक्त चौकशी पथकाने ४ जुलै २०२५ रोजी अंतिम निष्कर्ष जाहीर केले. कंपनीचे ४२ हजारांहून अधिक सर्व्हर तपासले गेले. त्यांपैकी २८ सर्व्हर बाधित होते आणि त्यांवर ३३ प्रकारचे मालवेअर सापडले. या ३३ पैकी २७ प्रकार ‘बीपीएफडोअर’चे होते. ९.८२ जीबी इतका सिमविषयक डेटा चोरीला गेला. त्यात २ कोटी ६९ लाखांहून अधिक ग्राहक-ओळख क्रमांक होते. पहिला शिरकाव ६ ऑगस्ट २०२१ रोजी झाला होता. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ घुसखोर आत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियाच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने कंपनीला सुमारे १३,४८० कोटी वॉनचा दंड ठोठावला.

इतका काळ कोणाला काहीच कसे कळले नाही, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर कंपनीच्या कारभारात आहे, तर दुसरे कर्नलच्या रचनेत.

‘पॅकेट कॅप्चर’ म्हणजे काय?

नेटवर्कवरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एरवी कर्नल प्रत्येक पॅकेट तपासतो आणि ते ज्या प्रोग्रामसाठी आले आहे त्याच्याच हाती देतो. वेब सर्व्हरचे पॅकेट मेल सर्व्हरला मिळत नाही. मात्र नेटवर्क बिघडले की अभियंत्याला सगळीच वाहतूक पाहावी लागते. त्यासाठी कर्नल एक आडवाट ठेवतो. मूळ पॅकेट आपल्या वाटेने पुढे जाते आणि त्याची प्रत पाहणाऱ्या प्रोग्रामला मिळते. यालाच पॅकेट कॅप्चर म्हणतात. ‘टीसीपीडम्प’ आणि ‘वायरशार्क’ ही त्यासाठीची जगभर वापरली जाणारी साधने. लिनक्सवर ही प्रत ‘पॅकेट सॉकेट’मधून मिळते. सर्वसाधारण वापरकर्त्याला ते उघडता येत नाही, त्यासाठी रूट किंवा तत्सम खास अधिकार लागतो.

‘बीपीएफ’ची गरज का भासली?

प्रत्येक पॅकेटची प्रत काढून प्रोग्रामकडे द्यायची आणि त्यातले नकोसे प्रोग्रामने टाकून द्यायचे, हा प्रकार महाग पडतो. वर्दळीच्या नेटवर्कवर यंत्र त्यातच दमून जाते. यावर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय शोधला. जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगो येथील युजनिक्स परिषदेत त्यांनी ‘बीएसडी पॅकेट फिल्टर’ म्हणजेच बीपीएफ मांडले. कल्पना सोपी होती. कोणती पॅकेट हवीत हे सांगणारा छोटासा प्रोग्राम कर्नलच्या हाती द्यायचा. कर्नल तो प्रत्येक पॅकेटवर चालवणार आणि अटीत बसतील तेवढ्याच पॅकेटच्या प्रती काढणार. त्या काळी सन कंपनीच्या यंत्रांवर असलेल्या व्यवस्थेपेक्षा ही पद्धत १०० पटींपर्यंत वेगवान ठरते, असे या दोघांनी दाखवून दिले. पुढे लिनक्सनेही ही पद्धत उचलली. २०१४ पासून तिची विस्तारित आवृत्ती ‘ईबीपीएफ’ लिनक्समध्ये आली. आज क्लाउडमधील नेटवर्किंगपासून सुरक्षा साधनांपर्यंत अनेक गोष्टी तिच्यावर चालतात.

ही प्रत फायरवॉलच्या आधी निघते की नंतर?

गैरवापराचे मूळ इथेच आहे. लिनक्समध्ये आत येणारे पॅकेट आधी नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे येते. तिथून ते कर्नलच्या मुख्य स्वागत कक्षात जाते. पॅकेट सॉकेटला द्यायची प्रत इथेच निघते. यंत्रावरील नेहमीची ‘आयपीटेबल्स’सारखी फायरवॉल आपला निर्णय घेते तो त्यानंतर, आयपीच्या पायरीवर. म्हणजे फायरवॉलने एखादे पॅकेट फेकून दिले तरी त्याची प्रत कॅप्चर करणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोहोचलेली असते. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीत हा क्रम उलटा असतो. फायरवॉलने सोडलेले पॅकेटच कॅप्चरमध्ये दिसते.

अभियंत्यासाठी हा क्रम सोयीचा आहे. पॅकेट यंत्रापर्यंत आलेच नाही की येऊन फायरवॉलने अडवले, हे त्यावरून लगेच कळते. मात्र हीच सोय घुसखोरालाही मिळते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे सारे त्या यंत्रावरच्या फायरवॉलविषयी आहे. कंपनीच्या वेशीवरची स्वतंत्र फायरवॉल पॅकेट अडवू शकते, कारण तिथे अडलेले पॅकेट सर्व्हरपर्यंत येतच नाही. पण वेब किंवा मेल यांसारख्या सेवेसाठी एखादे दार उघडे ठेवावेच लागते, आणि घुसखोराला तेवढे पुरते.

‘बीपीएफडोअर’ काय करते?

सर्वसाधारण ‘बॅकडोअर’ एखादा पोर्ट उघडून हुकुमाची वाट पाहते. उघडा पोर्ट तपासणीत सापडतो. ‘बीपीएफडोअर’ कोणताही पोर्ट उघडत नाही. ते पॅकेट सॉकेट उघडते, त्यावर बीपीएफ फिल्टर बसवते आणि गप्प राहते. टीसीपी, यूडीपी किंवा आयसीएमपी प्रकारच्या एखाद्या पॅकेटमध्ये ठरलेली खूण आढळली की फिल्टर तेवढे पॅकेट त्याच्या हाती देतो. मग हे मालवेअर जागे होते, पासवर्ड तपासते आणि घुसखोराला यंत्राचा ताबा देते. गरज पडल्यास फायरवॉलचे नियम तात्पुरते बदलून ते घुसखोराची वाहतूक चालू पोर्टवरून आपल्याकडे वळवते. बाकी वेळ ते एखाद्या नेहमीच्या सेवेचे नाव धारण करून पडून असते. लाखो पॅकेटमधून एक पॅकेट वेचण्याचे काम कर्नलच करत असल्याने प्रोसेसरवरही फारसा भार दिसत नाही.

सल्लागार कंपनी ‘पीडब्ल्यूसी’ने २०२२ मध्ये हे मालवेअर प्रथम जगासमोर आणले आणि चीनशी संबंधित ‘रेड मेन्शेन’ गटाशी त्याचा संबंध जोडला. त्याच वर्षी त्याचा सोर्स कोडही खुला झाला. त्यामुळे केवळ ‘बीपीएफडोअर’ सापडले म्हणून हल्लेखोर कोण हे ठरवता येत नाही.

‘व्हीलॅन टॅग’ काय असतो?

मोठ्या संस्थेत एकाच स्विचवर आणि एकाच केबलवर अनेक विभागांची वाहतूक चालते. लेखा विभाग, पाहुण्यांचे वायफाय, सर्व्हरचे व्यवस्थापन हे सारे एकत्र नको असते. त्यासाठी एकाच जाळ्याची आभासी विभागणी करतात. त्या प्रत्येक भागाला ‘व्हर्च्युअल लॅन’ अर्थात व्हीलॅन म्हणतात. कोणती फ्रेम कोणत्या भागातील हे ओळखण्यासाठी तिच्यात ४ बाइटचा टॅग घालतात. (इथरनेटवर पॅकेट ज्या वेष्टनातून जाते ती फ्रेम.) ‘आयईईई ८०२.१क्यू’ या १९९८ च्या मानकाने टॅगचे स्वरूप निश्चित केले. यातील पहिले २ बाइट म्हणजे ‘इथे टॅग आहे’ एवढे सांगणारी खूण. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ बिट प्राधान्यासाठी, १ बिट गर्दीच्या वेळी कोणती फ्रेम आधी टाकून द्यायची हे सांगण्यासाठी आणि १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. १२ बिटांत ४,०९६ क्रमांक बसतात. त्यांपैकी पहिला आणि शेवटचा राखीव असल्याने ४,०९४ क्रमांक वापरता येतात.

टॅग फ्रेमच्या मध्येच घुसतो, हे इथे महत्त्वाचे. फ्रेमच्या सुरुवातीला ६ बाइट घेणाऱ्याचा पत्ता, ६ बाइट पाठवणाऱ्याचा पत्ता आणि त्यानंतर आत काय आहे ते सांगणारे २ बाइट असतात. टॅग आला की हे २ बाइट आणि त्यामागचे सगळे ४ बाइटने मागे सरकते. बीपीएफ फिल्टर ठरावीक जागचा बाइट वाचून निर्णय घेतो. जागा बदलली की त्याचा निर्णय चुकतो.

मग कॅप्चरमध्ये टॅग दिसेनासा का होतो?

कारण बहुतेक आधुनिक नेटवर्क कार्डे कर्नलचे काम हलके करण्यासाठी टॅग स्वतःच काढून घेतात आणि त्यातील क्रमांक वेगळा कळवतात. लिनक्स तो क्रमांक पॅकेटसोबतच्या नोंदीत जपून ठेवतो. कार्डाने टॅग काढला नसेल तर आताच्या आवृत्त्यांमध्ये कर्नल स्वतः तो काढतो. हे काम कॅप्चरची प्रत निघण्याआधीच होते. त्यामुळे प्रतीतील मजकुरात टॅग नसतो, तो सोबतच्या नोंदीत असतो. टीसीपीडम्पमागची ‘लिबपीकॅप’ ही लायब्ररी ती नोंद वाचून टॅग पुन्हा जागेवर बसवते. म्हणून पडद्यावर टॅग दिसतो.

गोंधळ होतो तो फिल्टरच्या वेळी. फिल्टर कर्नलमध्ये चालतो, टॅग पुन्हा बसवण्याच्या आधी. ‘मला फक्त व्हीलॅनची पॅकेट दाखव’ असे सांगितले, तर जुन्या पद्धतीचा फिल्टर १२ बाइट सोडून पुढे टॅगची खूण शोधतो. ती तिथे नसतेच. परिणामी कॅप्चर रिकामे येते आणि त्या जाळ्यात वाहतूकच नाही, असा चुकीचा समज होतो. यावर उपाय म्हणून लिनक्स ३.८ मध्ये फिल्टरला सोबतची नोंद थेट विचारण्याची सोय आली आणि लिबपीकॅपच्या नंतरच्या आवृत्त्या ती वापरू लागल्या. मात्र कर्नल नवा आणि लायब्ररी जुनी, किंवा स्वतः लिहिलेले कॅप्चरचे साधन असेल, तर ही चूक आजही होऊ शकते.

फिल्टरच्या भाषेतही एक खाच आहे. टीसीपीडम्पच्या अटींमध्ये ‘व्हीलॅन’ हा शब्द आला की त्यापुढच्या सगळ्या अटी फ्रेममध्ये टॅग आहे असे गृहीत धरतात. त्यामुळे ‘व्हीलॅन किंवा अमुक पत्ता’ आणि ‘अमुक पत्ता किंवा व्हीलॅन’ या दोन अटी वाचायला सारख्या वाटल्या तरी त्यांचे अर्थ वेगळे होतात. शब्दांच्या क्रमावर निकाल बदलतो.

आणखी एक अडचण मोजणीची. लिनक्समध्ये मुख्य कार्ड आणि त्यावरचे व्हीलॅन ही दोन वेगळी इंटरफेस असतात. एकच पॅकेट आधी पहिल्यावर आणि मग दुसऱ्यावर दिसते. सर्व इंटरफेसवर एकदम कॅप्चर लावले, तर तेच पॅकेट दोनदा नोंदले जाते. वाहतूक अचानक दुप्पट झाल्याचा भास होतो.

इतर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये काय होते?

फ्रीबीएसडीने वेगळा मार्ग निवडला. कार्डाने टॅग काढला असेल, तर कर्नल बीपीएफला प्रत देतानाच टॅग पुन्हा जोडून देतो. त्यामुळे फिल्टरला केबलवर होती तशीच फ्रेम दिसते. विंडोजवर बरेच काही कार्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. अनेक ड्रायव्हर टॅग काढून टाकतात आणि वरच्या साधनांना त्याचा पत्ताही लागत नाही. टॅग पाहायचा तर ड्रायव्हरची सेटिंग बदलावी लागते. म्हणजे एकाच केबलवरची तीच फ्रेम तीन यंत्रांवर तीन प्रकारे दिसू शकते.

याचा सुरक्षेशी काय संबंध?

पहिला संबंध तपासाशी आहे. दूरसंचार कंपनीत व्यवस्थापनाचे जाळे, ग्राहकांच्या डेटाचे जाळे आणि बाहेरच्या सेवांचे जाळे व्हीलॅनने वेगळे केलेले असते. घुसखोर एका भागातून दुसऱ्या भागात कसा गेला, हे शोधताना टॅग हा मोठा पुरावा ठरतो. साठवलेल्या कॅप्चरमध्ये टॅग नसेल, तर पॅकेट दिसते पण ते कोणत्या जाळ्यातले हे कळत नाही.

दुसरा संबंध मालवेअरशी. ‘बीपीएफडोअर’चा फिल्टरही फ्रेममधील ठरावीक जागचे बाइट वाचतो. लिनक्स टॅग आधीच बाजूला काढत असल्याने, खुणेचे पॅकेट व्हीलॅनमधून आले तरी त्या जागा हलत नाहीत. बचाव करणाऱ्याला अडचणीत आणणारी गोष्ट हल्लेखोराच्या मात्र आड येत नाही.

तिसरा संबंध अधिक गंभीर आहे. २७ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने चार त्रुटींची माहिती जाहीर केली. व्हीलॅन क्रमांक शून्य असलेला टॅग ‘फक्त प्राधान्य सांगतो, जाळे नाही’ असे मानक सांगते. काही स्विचवरील सुरक्षा तपासणी फ्रेमचा पहिला थर पाहते. पुढे शून्य क्रमांकाचे एक किंवा अनेक टॅग रचले, तर आत काय आहे हे तिला ओळखता येत नाही आणि ती फ्रेम तशीच पुढे सोडते. पलीकडच्या यंत्राचा कर्नल मात्र ते टॅग निमूटपणे बाजूला करून आतले पॅकेट स्वीकारतो. त्यामुळे खोटा राउटर असल्याची बतावणी रोखणारी तपासणी चुकवता येते आणि दुसऱ्याची वाहतूक आपल्याकडे वळवता येते. सिस्को आणि ज्युनिपरच्या काही उपकरणांनाही याचा फटका बसला. एकाच फ्रेमचा अर्थ स्विच एक लावतो आणि कर्नल दुसरा, या तफावतीतून ही पळवाट निघाली.

पॅकेट कॅप्चरची सोय बंद का करत नाहीत?

ती बंद करणे परवडणारे नाही. यंत्राला आयपी पत्ता मिळवून देणाऱ्या काही सेवा पॅकेट सॉकेटवर चालतात. घुसखोरी ओळखणारी यंत्रणाही याच प्रती वाचते. शिवाय ‘बीपीएफडोअर’ बसवण्यासाठी घुसखोराकडे आधीच यंत्राचे सर्वोच्च अधिकार असावे लागतात. म्हणजे पॅकेट कॅप्चर हे शिरकावाचे कारण नव्हे, शिरकावानंतर लपून राहण्याचे साधन आहे.

कोरियाच्या चौकशीतही हेच दिसले. काही सर्व्हरचे पासवर्ड साध्या मजकुरात साठवलेले होते. सिमच्या प्रमाणीकरणाची गुप्त किल्ली एन्क्रिप्ट केलेली नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीला एका सर्व्हरवर मालवेअर आढळले होते, पण त्याची माहिती सरकारला देण्यात आली नाही. तेव्हाच खोलवर शोध घेतला असता, तर पुढची तीन वर्षे टळू शकली असती. फायरवॉलच्या जुन्या नोंदी न ठेवल्याने काही काळातील हालचाली तपासताच आल्या नाहीत.

उपाय काय?

‘बीपीएफडोअर’ बाहेरून शोधणे कठीण असले, तरी आतून ते अदृश्य नाही. कोणत्या प्रोग्रामने पॅकेट सॉकेट उघडले आहे आणि त्यावर कोणता फिल्टर बसवला आहे, याची यादी लिनक्स देतो. सर्वसाधारण सर्व्हरवर अशी सॉकेट मोजकीच असतात. पत्ता मिळवणारी सेवा किंवा देखरेखीचे साधन यांखेरीज कोणी त्या यादीत दिसले, तर विचारपूस व्हायला हवी. कोरियाच्या इंटरनेट सुरक्षा संस्थेने या प्रकरणानंतर तपासणीची मार्गदर्शिका काढली. कच्चे पॅकेट वाचण्याचा अधिकार कोणाकडे आहे याचा वेळोवेळी आढावा घेणे आणि कंटेनरमध्ये चालणाऱ्या सेवांना तो मुळातच न देणे, हेही सहज शक्य आहे.

कॅप्चरबाबत साधा नियम असा, की एका ठिकाणच्या चित्रावर विसंबू नये. यंत्रावरचे कॅप्चर कर्नलने जेवढे दाखवले तेवढेच दाखवते. लिनक्समध्ये २०१६ पासून आलेल्या ‘एक्सडीपी’ सोयीने ड्रायव्हरच्या पातळीवरच टाकून दिलेले पॅकेट तर टीसीपीडम्पला दिसतही नाही. त्यामुळे स्विचवरून घेतलेली वेगळी प्रत यंत्रावरच्या प्रतीशी ताडून पाहावी, तपासापुरते कार्डाचे टॅग काढणे बंद ठेवावे आणि फिल्टर न लावता घेतलेला नमुना एकदा तरी पाहावा. मोबाइल वापरणाऱ्याला यातले काही करता येत नाही. त्याच्या सिमची किल्ली ज्या सर्व्हरवर आहे, तिथे पॅकेट सॉकेटची ती छोटी यादी कोणी उघडून पाहते का, यावर त्याची सुरक्षितता ठरते.